घरचीच कंपनी, मग त्यात काय एवढं? – विनीता गुप्ता आणि लुपिनची गोष्ट

अंधेरीहून हायवेने वांद्र्याकडे निघालात की सांताक्रूझ पूर्वेला लुपिनचं मुख्य ऑफिस लागतं. आजची गोष्ट या कंपनीच्या सीईओची, म्हणजे विनीता गुप्तांची.

सुरुवात 1968 ची. राजस्थानातून आलेले, पिलानीच्या बिट्समध्ये शिकवलेले देशबंधू गुप्ता मुंबईत कंपनी काढतात. भांडवल किती? बायकोकडून, मंजूंकडून उसने घेतलेले 5,000 रुपये. म्हणजे या कंपनीत पहिला पैसा एका बाईचाच लागलाय, हे लक्षात ठेवा. पुढे टीबीच्या औषधांवर लुपिनचं नाव झालं.

विनीता ही त्यांची मोठी मुलगी. मुंबई विद्यापीठातून फार्मसी, मग अमेरिकेत केलॉगमधून एमबीए. आता तुम्ही म्हणाल, "घरचीच कंपनी, मग त्यात काय एवढं?" मलाही आधी तेच वाटलं होतं. पण तिने उचललेलं काम बघा.

भारतीय कंपन्या अमेरिकेत जेनेरिक विकायच्या. पेटंट संपलं की तेच औषध अनेक जण बनवतात आणि भाव धडाधड पडतो. विनीताच्या टीमने वेगळा रस्ता धरला. सुप्रॅक्स नावाचं अँटिबायोटिक तिथल्या बाजारातून गेलं होतं, पण डॉक्टरांना नाव माहीत होतं. लुपिनने 2004 मध्ये ते परत आणलं. स्वतःच्या ब्रँडखाली, थेट लहान मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन. आणि ते चाललं!

सप्टेंबर 2013 मध्ये वडिलांनी तिला सीईओ केलं आणि भाऊ नीलेशला एमडी. आपल्याकडच्या धंदेवाल्या घरांत गादी मुलाला मिळते. इथे ती दोघांत वाटली गेली.

पण गोष्ट इथे संपत नाही. 2015 मध्ये लुपिनने न्यू जर्सीची गॅव्हिस 88 कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. तोवरची त्यांची सगळ्यात मोठी खरेदी. मग अमेरिकेत जेनेरिकचे भाव कोसळले. जून 2017 मध्ये वडील गेले. त्याच नोव्हेंबरात गोवा आणि पीथमपूरच्या प्लांटना अमेरिकन एफडीएचं वॉर्निंग लेटर आलं. 2018 मध्ये गॅव्हिसची किंमत हिशोबात मोठी कमी करावी लागली आणि मार्चची तिमाही तोट्यात गेली.

माझ्या मते तिची खरी परीक्षा ही होती. आडनावामुळे खुर्ची मिळते, पण एफडीएचा इन्स्पेक्टर आडनाव बघत नाही, तो रेकॉर्ड बघतो. प्लांट दुरुस्त करायला वर्षं गेली. लुपिनने श्वासाच्या, इन्हेलरच्या औषधांवर जोर दिला. बनवायला अवघड, म्हणून स्पर्धा कमी. 2023 मध्ये स्पिरिव्हा हँडीहेलरचं अमेरिकेतलं पहिलं जेनेरिक लुपिनने आणलं. सुप्रॅक्सचाच धडा: गर्दी नाही तिथे जा.

त्यामुळे "घरचीच कंपनी" हे अर्धंच उत्तर. दार घरच्यांनी उघडलं, हे खरंच. पण पडल्यावर उठायचं काम तिला आणि तिच्या टीमलाच करावं लागलं.

तुम्हाला काय वाटतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!