तिकीट काढून, सहकुटुंब

डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव आला की कात्रजहून स्वारगेटकडे निघालेल्या बसमध्ये शाली आणि डबे सांभाळत बसलेली कुटुंबं हमखास भेटतात. २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला भरू लागला आणि आम्हा सातारा रस्त्यावरच्या लोकांना तो फार जवळ आला. आजी, सून, शाळकरी नातू भारतीय बैठकीत शेजारी शेजारी मांडी घालून बसतात. त्यात कुणालाच काही नवल वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुण्याला मात्र वाटलं असतं.

कात्रजचं पाणी नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर बंदिस्त नळातून शहरात नेलं. ते शनिवारवाड्यात खेळलं, तसं पेठांमधल्या हौदांतही पडलं. रागदारी गाणं असं घरोघर पोचलं नाही. ते राहिलं दरबारात, सरदारांच्या दिवाणखान्यात, नाहीतर माडीवर. ऐकणारा म्हणजे आमंत्रण असलेला पुरुष. गाणारी बाई असेल तर तिच्या विद्येआधी तिच्या कुळाची चर्चा. घरंदाज बाईच्या कानावर रागाचे सूर पडायचे ते कीर्तनकाराच्या पदांतून. कीर्तनाने मराठी घरांचे कान तयार केले, हे ऋण आपण फार कमी बोलून दाखवतो.

पुढचं पाऊल रंगभूमीचं. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि पैसे मोजून पदं ऐकायची गोडी मध्यमवर्गाला लागली. मग विष्णु दिगंबर पलुस्कर आले. कुरुंदवाडचा जन्म, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण. १८९६ मध्ये मिरज सोडून ते फिरतीवर निघाले आणि सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर गाणं केलं. राजाच्या मर्जीऐवजी तिकिटाच्या पैशावर गवयाने उभं राहावं, हा विचार धाडसाचा होता. तिकिटाने श्रोत्याची जातकुळी विचारणं थांबवलं. १९०१ मध्ये लाहोरला आणि पुढे १९०८ मध्ये मुंबईला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं.

पण मंचावर बाई आल्याशिवाय मंडपात बायका निर्धास्त बसल्या नसत्या. ते काम हिराबाई बडोदेकरांनी केलं, आणि माझ्या मते या कुळकथेतला सर्वांत मोठा वाटा त्यांचाच आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही मुलगी. जन्म १९०५, मिरजेचा. १९२१ मध्ये पलुस्करांच्याच मुंबईच्या विद्यालयात त्या पहिल्यांदा जाहीर गायल्या. पुढे त्यांनी तिकीट लावून स्वतःचे जलसे केले. बाईने असं करणं तेव्हा रीतीला सोडून होतं. हावभाव नाही, अदा नाही. खांद्यावरून पदर घेऊन स्थिर बसायचं आणि राग मांडायचा. त्यांना ऐकायला पुरुष आपल्या बायको-मुलींना घेऊन येऊ लागले. धाकट्या बहिणीबरोबर, सरस्वतीबाई राण्यांबरोबर, त्यांनी जुगलबंदीही गायली. दोन बहिणी मंचावर आणि समोर कुटुंबंच्या कुटुंबं!

हिराबाईंच्याच किराणा घराण्याचे रामभाऊ कुंदगोळकर. ‘सवाई गंधर्व’ हा किताब त्यांना नाटकांतल्या गाण्याने मिळवून दिला. १९५२ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं आणि पुढच्या वर्षी भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू केला. गुरुबंधू, गुरुभगिनी गायल्या; मग इतर घराणी आली, वाद्यं आली, नृत्य आलं. रात्र रात्र गाणं चाले आणि मुलं आईच्या मांडीवर झोपत. ध्वनिक्षेपकावरच्या वेळेच्या बंधनाने ती जागरणं गेली. मला त्याची रुखरुख आहे, कारण उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग मोठ्या मंडपात ऐकणं त्यामुळे दुर्मीळ झालं. २०११ मध्ये भीमसेनजी गेले आणि महोत्सवाच्या नावात त्यांचं नाव जोडलं गेलं.

यंदा जाणार असाल तर मुलांना सोबत न्या आणि पहिल्या गाण्यापासून बसा. सुरुवातीला बहुधा तरुण गायक-वादक असतात, तेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात आणि त्यांना श्रोत्यांची सगळ्यात जास्त गरज असते.