ड्रायव्हर मेनफ्रेमवर नेताना

थीसिस लाटेकमध्ये लिहिताय ना? मग हा किस्सा तुमच्या कामाचा आहे. १९८० च्या दशकात डोनाल्ड क्नुथ यांचा टेक थेट छापत नसे. तो डीव्हीआय फाईल द्यायचा, आणि ती प्रिंटरच्या आज्ञांमध्ये बदलायला वेगळा ड्रायव्हर लागायचा. हा ड्रायव्हर आयबीएम मेनफ्रेमवर न्यायचा तर पंचाईत अक्षरांची. इतरत्र बहुधा आस्की, इथे ईबीसीडिक. कॅपिटल 'ए' आस्कीत ६५, ईबीसीडिकमध्ये १९३.

मग अख्खी फाईलच बदलून टाकायची? नाही! डीव्हीआयमधला ६५ म्हणजे अक्षर नव्हेच, 'चालू फाँटमधलं ६५ नंबरचं चिन्ह ठेव' ही आज्ञा आहे. त्याला हात लावला की पान बिघडलं. पण त्याच फाईलमध्ये फाँटचं नाव आस्कीत असतं. ते मात्र बदलावंच लागतं, नाहीतर मेनफ्रेमला फाँट सापडत नाही. कुठला बाइट आकडा, कुठला मजकूर, हे एकेक आज्ञा वाचत गेल्याशिवाय कळत नाही. (मला तर फाईल हेक्समध्ये उघडल्यावरच पटलं.)

उलटा प्रवासही तसाच. डीव्हीआयचा पहिला बाइट २४७. ईबीसीडिकमध्ये तो '७' हा अंक. मेनफ्रेमवरून बाहेर पाठवताना कुणी फाईल मजकूर समजून बदलली, की त्याचा होतो ५५, आणि पलीकडचा ड्रायव्हर पहिल्याच बाइटला अडतो.