पाहुणा की घरचा? परक्या घरात राहायला गेलेल्या मुलांचा इतिहास

आजचा विषय थोडा वेगळा आहे. इतिहास म्हटला की आपण तह, लढाया, राजधान्या यांच्याविषयी बोलतो. आज आपण जेवणाच्या टेबलाविषयी, भांडी घासण्याविषयी आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांविषयी बोलणार आहोत. दहावी-अकरावीतला एखादा मुलगा किंवा मुलगी वर्षभरासाठी परदेशात जाते, तिथल्या शाळेत शिकते आणि एका अनोळखी कुटुंबात राहते. याला आपण सर्रास 'एक्स्चेंज स्टुडंट' म्हणतो. आज ही गोष्ट इतकी ओळखीची झाली आहे की तिलाही इतिहास असेल असं वाटत नाही. पण आहे. आणि त्यातला बराचसा युद्धांमधून निघालेला आहे.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. शिकायला दुसऱ्या गावी गेलेल्या मुलाचं पोट कसं भरायचं, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नव्हता. पुण्यात गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात वारांची सात घरं. या पद्धतीवर कितीतरी मुलं शिकली. तिच्या मर्यादाही उघड होत्या, कारण जात आड यायची आणि दार सगळ्यांसाठी उघडं नसायचं. आपल्या विषयाच्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. वारावर जेवणारा मुलगा पानावर बसायचा, जेवायचा आणि निघून जायचा. सात घरं त्याला जेवू घालत होती, पण त्यातलं एकही त्याचं नव्हतं.

याच्या अगदी उलट उदाहरणही मराठीच आहे. ४ जून १८८३ रोजी आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना नुकतंच अठरावं वर्ष पूर्ण झालं होतं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी त्या थिओडोसिया कार्पेंटर या बाईंच्या घरी राहिल्या. डेंटिस्टकडे वाट बघत बसलेल्या असताना कार्पेंटरबाईंनी एका मिशनरी मासिकात गोपाळराव जोशींचं पत्र वाचलं होतं आणि त्यातून पत्रव्यवहार सुरू झाला होता. आनंदीबाई त्यांना मावशी मानत. पुढे त्या शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथं, कार्पेंटरांच्या कौटुंबिक दफनभूमीत, त्या आजही आहेत. जरा विचार करा, कौटुंबिक दफनभूमीत कुणाला जागा मिळते? पाहुण्याला मिळत नाही.

पण ही एका बाईची आणि एका मुलीची गोष्ट झाली. त्यामागे संस्था नव्हती, योजना नव्हती, सरकार तर नव्हतंच. परक्या घरात मूल ठेवण्याची पद्धत म्हणून मांडणी झाली ती विसाव्या शतकात.

डोनाल्ड वॉट या अमेरिकी गृहस्थांनी १९३२ मध्ये 'एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' नावाचा उपक्रम सुरू केला. नावातच 'प्रयोग' आहे. सुरुवातीची कल्पना अशी, की वेगवेगळ्या देशांतल्या तरुणांना एकत्र छावणीत ठेवावं. पण छावणीत काय होतं हे आपल्यालाही माहीत आहे. माणसं आपापल्या भाषेच्या घोळक्यात बसतात. तेव्हा वॉट यांनी विचार बदलला. मुलांना घोळक्यानं न ठेवता एकेकट्यानं, एकेका कुटुंबात ठेवायचं. घोळक्यात परका माणूस परकाच राहतो, पण एकटा असला की त्याला घराशी जमवून घ्यावं लागतं, आणि घराला त्याच्याशी.

ही अमेरिकी मुलं ज्या देशांत गेली त्यांत जर्मनीही होता. काळ कोणता? हिटलर सत्तेवर आला तो. पुढे १९६१ मध्ये 'पीस कोअर'चे पहिले संचालक झालेले सार्जंट श्रायव्हर १९३४ साली याच उपक्रमातून जर्मनीत जाऊन आले होते. म्हणजे जर्मन घरांमध्ये अमेरिकी तरुण जेवत होते, गप्पा मारत होते, आणि काही वर्षांत हे दोन देश एकमेकांवर बॉम्ब टाकत होते. घरातल्या ओलाव्यानं युद्ध थांबलं नाही. आजच्या व्याख्यानात ही गोष्ट आपण विसरायची नाही. या विषयावर फार गोड बोललं जातं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता दुसरा धागा. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, फ्रान्समध्ये 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस', म्हणजे एएफएस, ही संघटना उभी राहिली. काम होतं रुग्णवाहिका चालवण्याचं. अमेरिकी स्वयंसेवक, बरेचसे कॉलेजातले तरुण, आघाडीवरून जखमी फ्रेंच सैनिकांना मागे आणायचे. दुसऱ्या महायुद्धात हीच संघटना उत्तर आफ्रिकेत, इटलीत आणि भारत-ब्रह्मदेश आघाडीवरही होती. एप्रिल १९४५ मध्ये बेर्गेन-बेल्झेनची छळछावणी मुक्त झाली तेव्हा तिथल्या मरणासन्न माणसांना हलवणाऱ्यांत एएफएसचे चालक होते.

युद्ध संपल्यावर या चालकांपुढे प्रश्न पडला, आता आपण काय करायचं? १९४६ मध्ये संघटनेचे प्रमुख स्टीफन गॅलाटी यांच्या पुढाकारानं ते जमले आणि शाळकरी मुलांच्या अदलाबदलीचा कार्यक्रम ठरला. पुढच्या वर्षी १० देशांतले ५२ विद्यार्थी अमेरिकेत आले. लक्षात घ्या, ही कल्पना शिक्षणतज्ज्ञांच्या बैठकीतून निघालेली नाही. ज्यांनी स्ट्रेचर उचलले त्यांनी ती पुढे नेली. आणि त्यांनी वय निवडलं ते सोळा-सतराचं. स्वतःचं मत बनण्याइतकं मोठं, आणि तरीही जेवायला हाक मारावी लागेल इतकं लहान.

इथे आपण खऱ्या परीक्षेपाशी येतो. फ्रेंच किंवा डच मुलाला घरात घेणं एक, आणि जर्मन मुलाला घेणं अगदी वेगळं. १९४९ च्या सुमारास अमेरिकी सरकारनं आपल्या ताब्यातल्या जर्मनीतून किशोरवयीन मुलं वर्षभरासाठी आणायला सुरुवात केली. त्यामागे राजकीय हेतू होता आणि तो लपवलेलाही नव्हता. जर्मनीची पुढची पिढी लोकशाहीत वाढवायची होती. घरं शोधण्याचं काम चर्च, नागरी संस्था, एएफएससारख्या संघटना यांनी केलं. जुलै १९५१ मध्ये ७५ जर्मन मुलंमुली मिशिगन राज्यात आली. अ‍ॅन आर्बरच्या रेचल अँड्रेसन यांनी त्यांची जबाबदारी घेतली, आणि त्यातूनच पुढे 'यूथ फॉर अंडरस्टँडिंग' ही संस्था वाढली.

आता थोडं गणित करू. १९५१ मध्ये सतरा वर्षांचा असलेला जर्मन मुलगा १९३४ मध्ये जन्मलेला. दहाव्या वर्षी, म्हणजे १९४४ मध्ये, हिटलरच्या युवक संघटनेच्या लहान मुलांच्या शाखेत जाणं त्याला सक्तीचं होतं. अकराव्या वर्षी त्यानं देशाचा पराभव बघितला. नंतर ढिगारे, भूक, रेशन. आणि मिशिगनमधल्या ज्या घरी तो येणार, त्या घरातला बाप सहा-सात वर्षांपूर्वी कदाचित युरोपात लढत होता. शेजारच्या घरातला मुलगा कदाचित परत आलाच नव्हता. अशा घरात सुटकेस घेऊन जायचं, आणि पहिला शब्द काय बोलायचा?

रुळण्याची प्रक्रिया इथून सुरू होते, आणि गंमत म्हणजे ती मोठ्या प्रश्नांपासून सुरू होत नाही. ती सुरू होते हाकेपासून. यजमान बाईंना काय म्हणायचं? जर्मन भाषेत आपल्यासारखंच तू आणि तुम्ही असे दोन वेगळे शब्द आहेत. अनोळखी वडीलधाऱ्यांना तुम्हीच म्हणायचं. इंग्रजीत एकच शब्द, मग अंतर दाखवायचं कसं? आणि बहुतेक घरी अपेक्षा अशी, की हळूहळू 'मॉम' आणि 'डॅड' म्हणावं. आपल्याकडे काकू किंवा मावशी म्हणून सुटका होते. आईचा मान जात नाही आणि नातंही जुळतं. इंग्रजीनं त्या मुलांना ही सोय फारशी दिली नाही. युद्धात वडील गमावलेल्या मुलाला परक्या माणसाला 'डॅड' म्हणणं किती जड गेलं असेल!

मग जेवण. जर्मन घरात मुख्य गरम जेवण दुपारी आणि रात्री ब्रेड, अमेरिकेत उलट. ब्रेडसुद्धा वेगळा. तिकडचा काळसर, घट्ट, राईचा. इकडचा पांढरा, मऊ. मग शाळा. जर्मनीत शनिवारी शाळा असायची, मुलंमुली बऱ्याच ठिकाणी वेगळी, आणि शिक्षक बोलणार, विद्यार्थी ऐकणार. अमेरिकी हायस्कूलमध्ये मुलगे-मुली एकत्र, विषय निवडायचे, विद्यार्थी-मंडळाची निवडणूक, बँड, फुटबॉल. आणि मग नाताळ. जर्मनीत भेटवस्तू २४ डिसेंबरच्या संध्याकाळी उघडतात, अमेरिकेत २५ च्या सकाळी. म्हणजे ज्या संध्याकाळी घरच्या आठवणीनं जीव कासावीस होणार, नेमक्या त्याच संध्याकाळी यजमान घरात काही खास नाही! फोन परवडत नव्हता. पत्र समुद्रापलीकडून यायचं.

आपल्याकडे म्हण आहे : पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली. पाहुणा म्हणून राहायची मुदत फार लहान असते. वर्षभर राहायचं तर पाहुणेपण सोडावंच लागतं. या योजनांनी हे ओळखलं, आणि दोन नियम त्यांच्या मुळाशी ठेवले. पहिला, यजमान कुटुंबाला पैसे मिळणार नाहीत. पैसे घेतले की मूल भाडेकरू होतं. दुसरा, मुलाला घरच्या मुलांसारखीच कामं आणि बंधनं. आपली खोली आवरायची, गवत कापायचं, रात्री ठरलेल्या वेळी घरी यायचं. काम सांगितलं जाणं हा अपमान नव्हता, ती घरात शिरल्याची खूण होती. भांडी घासताना सिंकपाशी उभं राहून माणसं जे बोलतात ते समोरासमोर बसून बोलत नाहीत, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. आणि मूल एकदा यजमान-आईशी वाद घालू लागलं, की समजायचं ते रुळलं. पाहुणा भांडत नाही.

मग लोकशाही शिकवण्याचं काय झालं? इथे इतिहास सरळ चालत नाही. मुलांच्या डोळ्यांना फक्त दाखवायचं तेवढंच दिसतं असं नसतं. ज्या देशात त्यांना समतेचा धडा घ्यायला आणलं, त्याच देशाच्या दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा कायद्यानं वेगळ्या होत्या. सर्वोच्च न्यायालयानं त्या घटनाबाह्य ठरवल्या १९५४ मध्ये, आणि त्यानंतरही त्या लगेच बदलल्या नाहीत. म्हणजे यजमान देशाचीही परीक्षा होत होती. शिवाय सुरुवातीला ही 'अदलाबदल' एकाच दिशेनं होती. जिंकलेल्या देशात हरलेल्या देशाची मुलं येत होती. १९५० पासून एएफएसनं अमेरिकी मुलांना बाहेर पाठवायला सुरुवात केली. १९८३ मध्ये अमेरिकी काँग्रेस आणि जर्मन संसद यांनी मिळून दोन्ही बाजूंनी मुलं पाठवायची योजना आखली. तेव्हा कुठे मूळच्या जिंकलेल्या-हरलेल्यांच्या नात्याला बरोबरी आली. आज पुणे-मुंबईतली मुलंही रोटरीसारख्या योजनांतून जातात, आणि परदेशी मुलं आपल्या घरांत वरण-भात जेवतात. रोटरीत तर वर्षात दोन-तीन घरं बदलण्याची पद्धत आहे. वारांची आठवण होते ना?

पण या विश्वासाची किंमतही मोजावी लागते. मूल परक्याच्या हाती सोपवणं म्हणजे शोषणाचा धोका पत्करणं, आणि तसे प्रकार घडले. यजमान घरातल्या प्रौढांची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासणं अमेरिकेत सक्तीचं झालं ते २००६ मध्ये. म्हणजे कित्येक दशकं सगळा भार सद्भावनेवर होता.

आणि एक घटना सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी मुलगा एएफएसमधून लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात आला होता. १७ ऑक्टोबर १९९२ रोजी तो यजमान-भावाबरोबर हॅलोवीनच्या पार्टीला निघाला. घर चुकलं. चुकीच्या दारात उभ्या माणसानं बंदूक रोखून 'फ्रीझ' असा शब्द उच्चारला. त्याचा तिथला अर्थ 'जागच्या जागी थांब'. मुलगा पुढे येत राहिला आणि गोळी लागून मेला. गोळी झाडणारा फौजदारी खटल्यात निर्दोष सुटला. घरात रुळणं एक, आणि घराबाहेरच्या समाजाचे न लिहिलेले नियम कळणं वेगळं, हे इतक्या भयंकर रीतीनं क्वचितच दिसलं असेल.

यानंतर काय झालं ते महत्त्वाचं. त्याचे जपानी आईवडील आणि अमेरिकी यजमान आईवडील यांच्यात दुरावा येणं अगदी स्वाभाविक होतं. तुमच्या घरी आमचं मूल दिलं होतं, असं म्हणता आलं असतं. तसं झालं नाही. दोन्ही कुटुंबांनी मिळून अमेरिकेतल्या बंदुकांच्या कायद्याविरुद्ध मोहीम चालवली. जपानमध्ये सतरा लाखांवर सह्या गोळा झाल्या. नोव्हेंबर १९९३ मध्ये त्याचे आईवडील राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना भेटले. आणि मुलाच्या नावानं निधी उभारून त्यांनी काय करावं? अमेरिकी विद्यार्थ्यांना जपानमध्ये राहायला बोलवायला सुरुवात केली.

तेव्हा आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर काय? घरात राहिल्यानं राष्ट्रं मित्र होत नाहीत. १९३४ ते सांगतं. चांगल्या हेतूनं मुलं सुरक्षित राहत नाहीत. त्याला नियम लागतात, तपासणी लागते. मग उरतं काय? उरतं ते लहान आहे, पण भक्कम आहे. एका घराला दुसऱ्या देशात एक माणूस आपला वाटू लागतो, आणि त्या देशाविषयी सरसकट बोलणं त्या घराला अवघड जातं. पकिप्सीची दफनभूमी आणि बॅटन रूजची दोन कुटुंबं यांच्यात शंभरावर वर्षांचं अंतर आहे. दोन्हीकडे मूल गेलं, पण नातं राहिलं.

इथे थांबू. आपल्यापैकी कुणाच्या घरी असं मूल राहून गेलं असेल, किंवा आपलं मूल गेलं असेल, तर प्रश्नोत्तरांत तो अनुभव जरूर मांडा. या इतिहासाची बरीचशी साधनं अजून घरोघरच्या पत्रांत आणि फोटोंच्या अल्बममध्येच आहेत.