माशाचा मरातब
‘मानमरातब’ म्हणताना त्यातल्या मरातबाशी एकेकाळी मासा जोडलेला होता, हे आपल्या गावीही नसतं. फारसीत माही म्हणजे मासा आणि मरातिब म्हणजे दर्जे. काठीवर लावलेला धातूचा मासा हत्तीवरून मिरवण्याचा मान, म्हणजे माहीमरातब, मोगल बादशहा मोजक्यांनाच देई. 1792 मध्ये महादजी शिंद्यांनी पेशवे सवाई माधवरावांसाठी वकील-इ-मुतलकीची, म्हणजे बादशहाच्या मुख्य प्रतिनिधीपदाची, वस्त्रं पुण्याला आणली, त्या लवाजम्यात माहीमरातबही होता.

पुण्यात मासा मिरवणुकीपुरता राहिला. लखनौत तो रुपयावर चढला. अवधचा पहिला नवाब सादतखान नदी ओलांडत असताना मासा उडी मारून त्याच्या मांडीवर पडला, अशी दंतकथा तिथे सांगतात. मला शाही मानाचीच वाट अधिक पटते. नवाब असफउद्दौलाच्या काळापासून लखनौच्या टांकसाळीतून ‘मछलीदार’ रुपये निघू लागले. त्यांवर नाव शाहआलम बादशहाचं आणि टांकसाळ बनारसची! राज्यवर्षही 26 वरच गोठलेलं. मोगली नाण्याचा सगळा दिमाख अक्षरांत, त्यामुळे बिचारा मासा ओळींच्या फटीत बसे.

1819 मध्ये इंग्रजांच्या फुशीने नवाब गाजीउद्दीन हैदर ‘बादशहा’ झाला. अवधची दिल्लीशी असलेली नाळ तुटावी, ही ईस्ट इंडिया कंपनीची इच्छा. नव्या बादशहाला नवं चिन्ह हवं होतं आणि दरबारात रॉबर्ट होम हा इंग्रज चित्रकार होताच. टिपूच्या मुलांना ओलीस घेणाऱ्या कॉर्नवॉलिसचं चित्र काढणारा हाच तो. इथे त्याने मुकुट, सिंहासनं, मेणे यांचीही रेखाटनं केली. राजचिन्हही त्याचंच मानतात.

राजचिन्ह नाण्यावर कोरण्याची रीत युरोपात जुनी. हंगेरीच्या चांदीच्या नाण्यांवर ढालीतले आडवे पट्टे आणि दुहेरी क्रूस पाहिले की राज्य ओळखू येई. त्याच धाटणीने साधारण 11 ग्रॅमच्या लखनवी रुपयावर समोरासमोर दोन मासे आले, वर मुकुट आणि दोन्हीकडे निशाणं पेललेली श्वापदं. कोणी त्यांना वाघ म्हणतं, कोणी सिंह. ठशाची झीज पाहता दोघांनाही दोष देता येत नाही. दुसऱ्या बाजूला मात्र फारसी अक्षरं होती तशीच. एका नाण्याला दोन दरबार!

पुढे गंमत झाली. शेवटचा बादशहा वाजिदअली शाह याच्या रुपयावर श्वापदं उरली नाहीत; त्यांच्या जागी जलपऱ्या उभ्या राहिल्या, कमरेखाली मासा असलेल्या. विलायती चौकट अशी माशानेच गिळली. लखनौतल्या कैसरबाग महालाच्या दरवाजावरही वाजिदअलीने जलपऱ्या बसवल्या. 1856 मध्ये कंपनीने राज्य खालसा केलं आणि त्याला कलकत्त्याला जावं लागलं. माशांची जोडी मात्र लखनौ सोडून गेली नाही; ती आज उत्तर प्रदेश सरकारच्या बोधचिन्हात, धनुष्यबाणाखाली पोहते आहे.