यांत्रिक कासव
सजीवांच्या वर्तनाचे अनुकरण करणारे एक स्वयंचलित विद्युतीय यंत्र. मेंदूच्या विद्युत् आलेखनातील कार्यासाठी प्रसिद्ध असलेले विल्यम ग्रे वॉल्टर (१९१०–७७) यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये १९४८-४९ च्या सुमारास अशी दोन यंत्रे तयार केली व त्यांना ‘एल्मर’ आणि ‘एल्सी’ अशी नावे दिली. वर्तनातील विविधता ही मेंदूतील कोशिकांच्या संख्येपेक्षा त्यांच्या परस्परांशी असलेल्या जोडणीवर अधिक अवलंबून असते, असे वॉल्टर यांचे मत होते. ते पडताळून पाहणे हा या रचनेमागील हेतू होता.

प्रत्येक कासवास तीन चाके, दोन विद्युत् चलित्रे (मोटरी) व कवच असे. तंत्रिका कोशिकांच्या जागी दोन निर्वात नलिका आणि ज्ञानेंद्रियांच्या जागी एक प्रकाशविद्युत् घट व एक स्पर्शस्विच, एवढीच सामग्री त्यात होती. पुढील चाकाबरोबर प्रकाशविद्युत् घट सतत फिरत राही व प्रकाशाचा शोध घेई. मंद प्रकाश आढळताच फिरणे थांबून कासव त्या दिशेने जाई. प्रखर प्रकाशापासून मात्र ते दूर वळे. कवच अडथळ्यावर आपटल्यास प्रकाशाकडे दुर्लक्ष होऊन ढकलणे व वळणे या क्रिया आलटून पालटून घडत व वाट मोकळी होई. घटमाला क्षीण झाली की प्रखर प्रकाशाविषयीची प्रतिकूलता नाहीशी होई आणि दिवा लावलेल्या खुराड्यात शिरून कासव पुन्हा विद्युत् भारित होई.

फिरणारे चलित्र चालू असल्याचे कळावे म्हणून पुढे एक लहान दिवा बसविला होता. आरशासमोर कासवाला तोच दिवा दिसे. त्यामुळे चलित्र थांबून दिवा विझे, प्रकाश नाहीसा होताच चलित्र सुरू होऊन दिवा पुन्हा लागे. परिणामी कासव आरशापुढे थरथरत राही. असे वर्तन प्राण्यात दिसल्यास ते आत्मजाणिवेचा पुरावा मानले जाईल, याकडे वॉल्टर यांनी लक्ष वेधले. बाह्य वर्तनावरून मनाविषयी अनुमान काढण्यातील धोका यातून स्पष्ट होतो.

वॉल्टर यांच्या ‘कोरा’ या पुढील मंडलात शिटी व प्रकाश यांची सांगड वारंवार घातल्यास केवळ शिटीलाही प्रतिसाद मिळू लागे. १९५१ मध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ निमित्त लंडनमधील विज्ञान प्रदर्शनात ही कासवे मांडण्यात आली.

त्यानंतर संगणकाधिष्ठित यंत्रमानवांकडे लक्ष वळले. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील ‘शेकी’ (१९६६–७२) हा यंत्रमानव प्रथम परिसराची प्रतिकृती संगणकात साठवी व मग हालचालींची योजना आखी. त्यामुळे त्याची गती अतिशय मंद होती. लहानपणी वॉल्टर यांचा ग्रंथ वाचून स्वतः कासव बनविणारे रॉडनी ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये साध्या प्रतिक्रियांचे थर एकमेकांवर रचण्याची पद्धती मांडली. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील ‘गेंगिस’ हा सहा पायांचा कीटकसदृश यंत्रमानव तीवर आधारलेला होता. ब्रुक्स सहसंस्थापक असलेल्या कंपनीने २००२ मध्ये बाजारात आणलेले घर झाडणारे ‘रूंबा’ हे यंत्रही अडथळ्याला धडकून वळे व स्वतःहून भारणस्थानाकडे परतणारी त्याची रूपे पुढे निघाली. पूर्ण मेंदूची नक्कल न करताही सजीवांच्या वर्तनातील तत्त्वे यंत्रात उतरविता येतात, हे दोन नलिकांच्या या कासवाने दाखवून दिले.