नागपूरला बांधली, कुर्ल्याला विकत घेतली



मागच्या भागानंतर इंदूरच्या एका प्रेक्षकांनी मला विचारलं, "भाड्याच्या शेडमध्ये आमचा खोक्यांचा कारखाना आहे. आता स्वतःचा करायचाय. प्लॉट घेऊन नवा बांधू, की जवळच एक बंद पडलेला कारखाना यंत्रांसकट स्वस्तात मिळतोय तो घेऊ? तुम्ही इतिहास सांगता, तर इतिहासात याचं काही उत्तर आहे का?"

तयार उत्तर नाही. पण एक माणूस आहे, ज्याने हे दोन्ही करून पाहिलं आणि दोन्हीकडे चटके खाल्ले. तो म्हणजे जमशेटजी टाटा. आपण त्यांना पोलादासाठी आणि ताजमहाल हॉटेलसाठी ओळखतो. पण ते मूळचे गिरणीवाले. आज त्यांच्या तीन गिरण्यांची गोष्ट सांगतो.

पहिली गिरणी चिंचपोकळीची. १८६९ साली जमशेटजी तिशीचे होते. तिथे दिवाळं निघालेली एक तेलाची गिरणी त्यांनी विकत घेतली, तिची सूतगिरणी केली आणि नाव ठेवलं अलेक्झांड्रा मिल. दोनेक वर्षांत चांगला नफा घेऊन ती विकूनही टाकली. म्हणजे पहिलाच अनुभव असा, की पडकी गिरणी घ्यावी, नीट करावी, विकावी. सोपं काम!

तरी दुसऱ्या वेळी त्यांनी ती वाट धरली नाही. ते इंग्लंडला गेले, लँकेशायरचा कापडधंदा जवळून पाहिला, आणि परत आल्यावर नवी गिरणी बांधायचं ठरवलं. तीही मुंबईत नाही, नागपुरात. त्या काळी गिरणी म्हणजे मुंबई असं समीकरण होतं. बंदर इथे, दलाल इथे, पैसा इथे. मग नागपूर कशाला? जमशेटजींचा हिशेब साधा होता. कापूस जिथे पिकतो तिथे गिरणी हवी, रेल्वे जवळ हवी, पाणी आणि इंधन मुबलक हवं. वऱ्हाडचा कापूस नागपूरच्या दाराशी होता आणि १८६७ पासून मुंबईची रेल्वे तिथवर पोचली होती. कापूस मुंबईला न्यायचा आणि कापड परत विदर्भात आणून विकायचं, हा उलटा घास त्यांना पटत नव्हता.

१८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी निघाली. स्टेशनाजवळची जागा मिळाली ती दलदलीची. ती भरून काढायला मातीचे ढीगच्या ढीग ओतावे लागले. नागपूरच्या एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, हा माणूस सोनं जमिनीत पुरतोय म्हणून, अशी आठवण सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं गेलं, त्याच दिवशी गिरणी सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस मिल.

नवी बांधली म्हणून सगळं सुरळीत झालं असं समजू नका. सुरुवातीची यंत्रं निकृष्ट निघाली. ती पुढे बदलावी लागली. पण मुद्दा असा, की चूक स्वतःची होती, त्यामुळे ती कुठे झाली ते माहीत होतं. आणि चुका दुरुस्त करता करता माणसं तयार झाली. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेतून आलेले. गिरणीचा अनुभव शून्य, पण माणसं आणि माल हलवण्यात तरबेज. जोडीला जेम्स ब्रुक्सबी हा इंग्रज तंत्रज्ञ. रिंग स्पिंडल ही नवी चाती लँकेशायरवाले अजून घ्यायला कां-कूं करत होते, तेव्हा या लोकांनी ती नागपुरात चालवून पाहिली. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला. ही सगळी दहा वर्षांची कमाई होती, आणि ती ताळेबंदात कुठेच दिसत नव्हती.

आता तिसरी गिरणी. त्याच १८८६ साली कुर्ल्याची धरमसी मिल विक्रीला निघाली. गिरणी मोठी, भाव साडेबारा लाख. बांधणीचा खर्च पाहता हे फुकटच म्हणायचं. जमशेटजींनी ती घेतली आणि नवी कंपनी काढली, स्वदेशी मिल. स्वदेशीची चळवळ यायला अजून जवळपास वीस वर्षं होती, हे लक्षात घ्या.

आणि मग कळलं, आपण काय विकत घेतलंय! यंत्रं खिळखिळी झालेली. एक दुरुस्त करावं तर दुसरं बंद. सुताच्या दर्जाबद्दल तक्रारी आल्या. शेअरचा भाव कोसळला. नागपूरचं यश पाहून ज्यांनी डोळे मिटून पैसे गुंतवले होते, ते आता कुजबुजू लागले. बँकेने हात आखडता घेतला.

इथे खरी कसोटी होती. साडेबारा लाख गेले असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण लोकांनी कंपनीवर नाही, माणसावर विश्वास ठेवला होता. जमशेटजींनी कुटुंबासाठी करून ठेवलेला ट्रस्ट मोडला आणि एम्प्रेस मिलचे आपले काही शेअर विकले. म्हणजे बायकामुलांची तरतूद आणि चालत्या गिरणीतला वाटा, दोन्ही कुर्ल्याच्या त्या खड्ड्यात घातलं. पैशाबरोबर नागपूरची अनुभवी माणसं कुर्ल्याला आली. जुनी यंत्रं काढून नवी बसवली. काही वर्षं गेली, पण गिरणी उभी राहिली आणि स्वदेशीच्या सुताला बाजारात नाव मिळालं.

मला या गोष्टीतून जे दिसतं ते असं. कुर्ल्याची गिरणी वाचली ती नागपूरमुळे. पैसा नागपूरचा, माणसं नागपूरची, काम कसं करायचं याची जाणही नागपूरची. आधी बांधून शिकलेला माणूसच पडकं विकत घेऊन उभं करू शकला. नागपूर नसतं, तर तो साडेबारा लाखांचा सौदा आयुष्यातला सगळ्यात महागडा ठरला असता.

अगदी अलीकडचं उदाहरणही याच घराण्याचं आहे. सिंगूर सोडल्यावर टाटा मोटर्सने गुजरातेत साणंदला कारखाना बांधला, तो २०१० मध्ये सुरू झाला. पुढे फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवलं, तेव्हा तिचा साणंदचाच कारखाना टाटांनी ७२५.७ कोटी रुपयांना घेतला आणि जानेवारी २०२३ मध्ये ताबा घेतला. तिथल्या वाहननिर्मितीतल्या पात्र कामगारांनाही नोकरी देऊ केली. साणंदमध्ये काम करण्याचा दहा-बारा वर्षांचा अनुभव गाठीशी होता. पुन्हा तोच क्रम, आधी बांधणं, मग घेणं.

तर इंदूरच्या मित्रा, तो बंद कारखाना बघायला जाशील तेव्हा भाव शेवटी विचार. आधी विचार, तो बंद का पडला? कारण मालकाचं भांडण असेल तर गोष्ट वेगळी, यंत्रांचं किंवा जागेचं असेल तर तेही तुझ्याच गळ्यात येणार. मग विचार, हे दुरुस्त करणारी माणसं आज माझ्याकडे आहेत का? आणि शेवटचं, चुकलं तर कोणता ट्रस्ट मोडावा लागेल? तो घरच्यांना आधी सांगितलाय का?

नागपुरात एम्प्रेस मिल आता नाही. त्या जागेवर एम्प्रेस सिटी नावाचा मॉल आहे. नागपूरकर तिथे खरेदीला जातात. पुढच्या वेळी गेलात, तर पायाखालच्या त्या भरावाची आठवण ठेवा.

भेटू पुढच्या भागात.