डावा हात ठेवावा कुठे?

उजवा हात चापाशी आणि डावा पुढे नळीखाली, हे बंदूकधाऱ्याचे रूप शिकारकथांतल्या चित्रांमुळे आपल्या परिचयाचे आहे. पण बंदुकीच्या इतिहासात एक जात अशी निघाली, की तिला या डाव्या हाताचेच वावडे. तिचा वंश फारसा वाढला नाही, तो बराचसा त्यापायीच, असे मला वाटते.

ही जात म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्राची रायफल. १८३० साली सोळा वर्षांचा सॅम्युएल कोल्ट बॉस्टनहून ‘कॉर्व्हो’ जहाजाने कलकत्त्याच्या सफरीवर निघाला. चक्राच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना त्याने त्याच सफरीत कोरला, असे सांगतात. १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले, न्यू जर्सीतील पॅटरसन येथे कारखाना निघाला आणि पिस्तुलांच्या जोडीला लांब नळीच्या रायफलीही तयार होऊ लागल्या. एकदा ठासले की पाचसहा बार! दर बारामागे गज घालून ठासत बसणाऱ्या शिपायाला ही चैनच वाटली असेल.

मेख होती चक्र आणि नळी यांमधल्या फटीत. चक्र फिरायचे तर फट हवीच, जाड कागदाएवढी का होईना. बार होताच तिच्यातून जाळ आणि शिशाचे कण दोन्ही अंगांना उसळतात. पिस्तूल धरणाऱ्याची मूठ मागे असते, म्हणून निभावते. रायफलवाल्याचा डावा हात मात्र नेमका त्या जाळाच्या पुढ्यात. त्यात दारू सुटी. ठिणगी शेजारच्या खणात शिरली, तर लवंगीची माळ लागावी तसे बाकीचे खणही पेटत, आणि त्यांच्या तोंडासमोर नळी नव्हे, हात! म्हणून शहाणे लोक खणांच्या तोंडांवर चरबी थापत.

तरी या हत्याराने पराक्रम गाजवला. २० सप्टेंबर १८६३ रोजी चिकामॉगाच्या लढाईत ओहायोच्या २१ व्या पलटणीने कोल्ट रायफलींतून एका दिवसात ४३ हजारांवर गोळ्या झाडून टेकडी राखली. दारूगोळा संपला, तेव्हा त्यांतले पुष्कळ जण पकडले गेले.

सुट्या दारूचे भय धातूच्या काडतुसाने घालवले. स्मिथ आणि वेसन यांनी १८५७ मध्ये .२२ चे रिमफायर काडतूस बाजारात आणले. त्याच्या बुडाच्या काठातच स्फोटक भरलेले असते आणि घोडा त्या काठावर आपटतो. गंमत अशी, की स्पेन्सर आणि हेन्री यांच्या रायफलीही रिमफायर काडतुसांवरच चालत आणि त्यांनीच कोल्टच्या रायफलीला मागे सारले.

फट मात्र गेली नाही. आजही अमेरिकेत .२२ च्या चक्राच्या कारबाईन बनतात. तिथे डावा हात चक्राच्या पुढे न्यायचा नाही, चापाच्या कडीखालीच धरायचा. डोळ्यांवर चष्मा हवा, कानांवर संरक्षण हवे, आणि बघ्यांनी चक्राच्या रेषेत शेजारी उभे राहायचे नाही. रिकाम्या खणावर घोडा उगीच आपटू नये. खणाची कड चेपते.

बार फुसका गेला, तर नळी निशाणाकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबायचे. न उडालेल्या फटाक्याकडे धावणाऱ्या मुलाला आपण मागे ओढतो, तेच इथे. आणि पुढचा बार काढण्यासाठी घोडा मागे ओढायचा नाही. चक्र फिरेल, आणि ते रेंगाळलेले काडतूस नळीपासून बाजूला सरकल्यावर उडेल.